लॉ शिकायला जगात कुठं जायचं? कोल्हापुरातून मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात वकिली करते. एलएलबी म्हणजे कायद्याची पदवी इथंच केली, मग चार वर्षं कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात सिनियरच्या हाताखाली काम केलं, मग एक वर्ष इंग्लंडमध्ये एलएलएम म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, आणि परत इथंच. बारावीचा रिझल्ट लागला की फोन सुरू होतात, कुणाच्या भाच्याला विचारायचंय, कुणाच्या मुलीचा अर्ज भरायचाय, कुणी थेट ऑफिसात येऊन बसतं. प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीत, पण तो विषयच तसा आहे.

ताई, बारावीनंतर थेट परदेशात लॉ ला जाऊ का आधी इथं एलएलबी करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मी आधी उलटा प्रश्न विचारते: काळा कोट घालून उभं कुठल्या कोर्टात राहायचंय? कसबा बावड्यात, मुंबईत, दिल्लीत, का लंडनमध्ये? कारण कायद्याचं शिक्षण इंजिनिअरिंग किंवा डॉक्टरकीसारखं नाही. माणसाचं काळीज कागलात आणि कार्डिफमध्ये सारखंच असतं, पण सातबारा कार्डिफमध्ये नसतो. कूळकायदा नसतो, सहकार कायदा नसतो, आपली वाटणीची भांडणं नसतात. कायदा त्या त्या देशाच्या मातीचा असतो आणि वकिलीची सनदसुद्धा त्या त्या देशाचीच मिळते.

म्हणून भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर माझं मत अगदी स्पष्ट आहे, एलएलबी इथं कर. बारावीनंतर ५ वर्षांची किंवा पदवीनंतर ३ वर्षांची. राज्याची सीईटी दे, क्लॅट दे (दोन्ही प्रवेश परीक्षा), मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आपल्याच राज्यात आहेत, पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज १९२४ पासून आहे, मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज तर १८५५ पासून, आणि कोल्हापुरात शहाजी लॉ कॉलेज आहे ज्यातून या जिल्ह्याचे कितीतरी वकील नि जज बाहेर पडलेत. मग सनद घे, दोन-तीन वर्षं कोर्टाची हवा खा, आणि मग एलएलएमला बाहेर जा, एका वर्षाचा खर्च, आणि काय शिकायचंय ते तोवर तुझं तुलाच कळलेलं असतं.

तिकडंच राहायचं, तिकडंच वकील व्हायचं हे पक्कं असेल तरच बारावीनंतर थेट जा, आणि मग ते पण मनापासून. "जाऊ तर दे, नंतर बघू परत यायचं का" असं ठरवून गेलेल्यांचे सगळ्यात जास्त हाल होतात, ना तिकडची सनद ना इकडची.

म्हणजे परदेशातली एलएलबी इथं चालतच नाही का?

चालते, पण सरळ नाही चालत. १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आहे, त्याच्या कलम २४ प्रमाणं परदेशी डिग्री बार काउन्सिल ऑफ इंडियानं (वकिलीचं नियमन करणारी देशातली संस्था) मान्य केलेली असेल तरच सनद मिळू शकते. आधी ते विद्यापीठ आणि तो कोर्स, दोन्ही मान्य यादीत आहेत का बघायचं. मग परत आल्यावर बार काउन्सिलची वेगळी पात्रता परीक्षा असते, संविधान, करार, कंपनी कायदा, दिवाणी आणि फौजदारी कार्यपद्धती, वकिलीची नीतिमत्ता असे पेपर. त्यानंतर सगळ्यांना असते ती एआयबीई, म्हणजे वकिलीची अखिल भारतीय परीक्षा. आणि बारावीनंतर थेट ३ वर्षांची इंग्लंडची एलएलबी केली असेल तर आपल्याकडचा हिशोब ५ वर्षांचा आहे म्हणून मधला ब्रिज कोर्स करायला लावतात, हे पालकांना कुणी आधी सांगतच नाही. तीन वर्षांत वकील होऊन येईल म्हणून पाठवतात, प्रत्यक्षात इथल्या मित्रांच्या नंतरच सनद हातात पडते.

शिवाय १ जुलै २०२४ पासून आपले फौजदारी कायदे बदललेत. आयपीसी गेलं, भारतीय न्याय संहिता आली, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्टच्या जागीही नवे आले. बाहेर शिकून येणाऱ्याला हे सगळं स्वतःच बसून शिकावं लागतं. बाकी सनदीची फी म्हणाल तर ती फार नाही, सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये सांगितलंय की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, एससी-एसटीसाठी १२५.

आता कोल्हापुरातच हायकोर्टाचं बेंच झालंय, मग बाहेर जायचंच कशाला?

फार चांगला प्रश्न आहे. चाळीस-बेचाळीस वर्षं वकिलांनी आंदोलनं केली, आमच्या सिनियर लोकांची अख्खी उमेद त्यात गेली, आणि १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. आधी एका तारखेसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबईला जायचं, सकाळी सीएसएमटीला उतरून तोंड धुवायचं आणि दुपारी चारला कळायचं की मॅटर बोर्डावर पोचलंच नाही. पक्षकार शेतकरी माणूस, त्याचा दोन दिवसांचा रोजगार बुडालेला. ते आता थांबलंय.

त्यामुळं हिशोब खरंच बदलला. पूर्वी हुशार पोरगं म्हटलं की मुंबई-पुणे नाहीतर परदेश, इथं राहून हायकोर्टाची प्रॅक्टिस होऊच शकत नव्हती. आता होते. जिल्ह्यातल्या एखाद्या मुलानं इथं एलएलबी केली, पाच-सात वर्षं रिट, अपिलं नीट हाताळली तर त्याला बाहेर जायची गरज नाही, आणि न जाण्यात कमीपणा तर अजिबात नाही.

पण बेंच आलं म्हणजे कामाची पातळीही वाढली. पाणीवाटप, प्रदूषण, एक्स्पोर्टचे करार, ट्रेडमार्क असले विषय आता इथं उभे राहतात, आणि त्यातलं खोल शिकलेली माणसं इथं मोजकीच आहेत. तसं काही शिकून परत यायचं असेल तर जा, मी स्वतः त्याच कारणानं गेले.

एलएलएमला कुठला विषय घ्यायचा? देश आधी ठरवू का विषय?

विषय. आधी विषयच, कायम.

एक प्रसंग सांगते. प्राडाच्या त्या चपलांचं प्रकरण झालं ना, जून २०२५ मध्ये, मिलानच्या शोमध्ये आपल्या पायताणासारख्या चपला दिसल्या, त्याच दिवसांत सुभाषनगरचे एक कारागीर माझ्याकडं आले. पिशवीतून एक जोड काढला आणि माझ्या टेबलावर फायलींच्या शेजारी ठेवला, करकरीत नवा, वेणी हातानं विणलेली, कान कातरलेले, चामड्याचा आणि तेलाचा वास खोलीभर. शेजारी मोबाईल ठेवला, त्यावर त्या शोचा फोटो. एकदा चपलेकडं बघायचे, एकदा फोटोकडं, आणि म्हणाले, "मॅडम, ह्ये आमचंच हाय न्हवं? मग केस का हुईना?"

त्यांना मी काय सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण यातच कळतं की लॉ मध्ये विषय निवडणं म्हणजे काय. कोल्हापुरी चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकचे चार, पण जीआय हा त्या देशापुरता हक्क असतो, भारतातल्या नोंदणीच्या जोरावर इटलीत दावा टाकता येत नाही. मुंबई हायकोर्टात जनहित याचिका झाली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली, कारण नोंदणी ज्यांच्या नावावर आहे ती दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळं, आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर, यायचं तर त्यांनी यायला पाहिजे. पुढं डिसेंबरमध्ये प्राडानं त्याच दोन महामंडळांबरोबर करार केला. आणि युरोपियन युनियननं हस्तकलेच्या वस्तूंसाठी वेगळा जीआय कायदा केलाय जो १ डिसेंबर २०२५ पासून लागू आहे, म्हणजे तिथं हक्क मागायचा एक नवीन रस्ता उघडलाय. आता हा रस्ता ओळखणारा, तिथला कायदा वाचू शकणारा आणि सुभाषनगरच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा वकील कोल्हापुरात किती आहेत? बोटावर मोजण्याइतके. तुला यात रस असेल तर बौद्धिक संपदेचा विषय घे, म्युनिकला एमआयपीएलसी ही या विषयाची संस्था आहे, लंडनला क्वीन मेरी आहे, अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन आहे. विषय ठरला तेव्हा देश आपोआप दोन-तीनवर आला, बघ.

तसंच दुसऱ्या विषयांचं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांचे एक्स्पोर्टचे करार मी बघते, त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की भांडण झालं तर लवाद लंडनला किंवा सिंगापूरला. सही करताना कुणी वाचत नाही. लवादाचा विषय हवा असेल तर क्वीन मेरी, जिनिव्हा, स्टॉकहोम, सिंगापूर. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यानं घरात पाहिला, ज्यानं अलमट्टी धरणाच्या उंचीवरून होणारी भांडणं ऐकली, त्याला पाण्याचा नि पर्यावरणाचा कायदा का शिकायचा हे मी वेगळं सांगायला नको.

आणि कुठलाच विषय सुचत नसेल तर जाऊ नकोस, थोडं थांब.

यूके का अमेरिका?

आपला कायदा इंग्रजांच्या वळणाचा आहे, १८७२ चा करार कायदा आपण अजून वापरतो, त्यामुळं इंग्लंडमध्ये शिकताना घर बदललं तरी भिंती ओळखीच्या वाटतात. तिथं बारावीनंतर थेट ३ वर्षांची एलएलबी आहे, ऑक्सफर्ड, केंब्रिज, एलएसई, यूसीएल, किंग्ज, डरहॅम, ब्रिस्टल यांना एलनॅट नावाची परीक्षा लागते. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अर्ज १५ ऑक्टोबरला बंद होतात म्हणजे प्रवेशाच्या जवळपास एक वर्ष आधी, आपल्याकडं तोवर सहामाहीसुद्धा झालेली नसते, हे लक्षात ठेवा.

अमेरिकेत बारावीनंतर लॉ नाहीच. आधी कुठलीही पदवी, मग ३ वर्षांची जेडी ही कायद्याची पदवी. म्हणजे ७ वर्षं. ज्याला तिथंच वकील व्हायचंय त्याच्यासाठी जेडी, बाकी आपल्या एलएलबीवाल्यांसाठी एक वर्षाची एलएलएम.

तिकडं सनद मिळेल का, तर इंग्लंडमध्ये २०२१ पासून एसक्यूई आहे, सॉलिसिटर (मुख्यतः ऑफिसातून सल्ला, करार असली कामं करणारा वकील) व्हायची परीक्षा. दोन टप्पे, दोन्हीची फी मिळून जवळपास ५ हजार पाउंड. तिथं नव्यानं सुरुवात करणाऱ्याला शिवाय २ वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, पण आपल्याकडं सनद घेतलेल्या वकिलाला तो लागत नाही, आणि पहिला टप्पा तर भारतातल्या सेंटरवर बसूनच देता येतो. म्हणजे इंग्लंडचा सॉलिसिटर व्हायला एलएलएम लागतेच असं नाही! हे ऐकून ऑफिसात समोर बसलेले वडील हमखास मुलाकडं बघतात.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा बार वेगळा. न्यूयॉर्कचं बोर्ड तुमची एलएलबी किती वर्षांची, कशी केली ते कागद बघून ठरवतं, कमी पडलं तर २४ क्रेडिटची एलएलएम करून भरून काढता येतं. कॅलिफोर्नियात भारतात सनद असलेल्या वकिलाला थेट परीक्षेला बसता येतं. पण परीक्षा पास होणं वेगळं आणि तिथं नोकरी नि व्हिसा मिळणं वेगळं. लॉ ला एक वर्षाचं ओपीटी म्हणजे शिकून झाल्यावर तिथं काम करायची परवानगी मिळते, इंजिनिअरिंगवाल्यांसारखी वाढीव दोन वर्षं नाहीत. पुढं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर फी लावली गेली. इंग्लंडचा पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा २ वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच. नोकरीतून कर्ज फेडू हे गणित डोक्यात असेल तर या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

माझं मत विचाराल तर परत यायचं असेल तर इंग्लंड. खर्च कमी, कायदा जवळचा.

बॅरिस्टर होता येतं का अजून?

होता येतं. लंडनमध्ये चार इन म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था आहेत, लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन, त्यातल्या एकाचं सभासद व्हायचं, बार कोर्स करायचा आणि मग वर्षभराची प्युपिलेज म्हणजे उमेदवारी. प्युपिलेजला स्पर्धा फार मोठी आहे, तिथल्याच बहुतेक मुलांना मिळत नाही. भारतात मात्र बॅरिस्टर म्हणून वेगळी सनद आता नाही, सगळे ॲडव्होकेटच. आजोबांच्या काळातला मान डोक्यात ठेवून कर्ज काढू नका.

पण या प्रश्नाला कोल्हापुरात वेगळा अर्थ आहे. बाबासाहेब १९१६ ला ग्रेज इनमध्ये दाखल झाले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले. मार्च १९२० ला आपल्या कागलजवळच्या माणगावात परिषद झाली, शाहू महाराज स्वतः आले, 'मूकनायक'ला त्यांनी मदत केली, लंडनला जायलाही मदत केली, आणि त्याच वर्षी बाबासाहेब परत लंडनला गेले. १९२२ ला बॅरिस्टर झाले. महाराज त्याच वर्षी मे महिन्यात गेले. मी इंग्लंडला असताना एका रविवारी ग्रेज इनच्या फाटकापर्यंत गेले होते, फाटक बंद होतं, बाहेरूनच बघितलं आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले. माणगाव माझ्या आजोळापासून जवळ आहे.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया?

स्थायिक व्हायचं असेल तरच. कॅनडात एनसीए नावाची समिती तुमची भारतातली एलएलबी तपासते आणि कुठले पेपर द्यायचे ते सांगते, त्यांचं संविधान, प्रशासकीय कायदा, फौजदारी वगैरे, ते पेपर दिले की पुढं आर्टिकलिंग म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, आणि बारची परीक्षा. क्युबेकचं वेगळं, तिथं फ्रेंच वळणाचा कायदा आहे. ऑस्ट्रेलियात अकरा ठरलेले विषय झालेले असावे लागतात, भारतात केलेल्यातले काही धरतात, बाकीचे तिथं करायचे. दोन्हीकडं काम होतं पण दोन-तीन वर्षं जातात.

सिंगापूर किंवा दुबई?

सिंगापूरचं एनयूएस विद्यापीठ फार चांगलं आहे, लवाद आणि व्यापारी कायदा शिकायला जवळचा देश, भाषा इंग्रजी, कायदा इंग्लंडच्या वळणाचा. पण तिथं सनद मिळणं परदेशी माणसाला अवघड आहे. दुबईत डीआयएफसी या आर्थिक केंद्राची कोर्टं इंग्रजी पद्धतीनं चालतात, बाकी देशाचा कायदा वेगळा नि अरबीत. दुबई हे नोकरीचं ठिकाण आहे, शिकायचं नव्हे.

जर्मनीत फुकट शिकवतात म्हणे?

सरकारी विद्यापीठांत बऱ्याच ठिकाणी फी नाही हे खरं. पण जर्मन वकील व्हायला दोन सरकारी परीक्षा आणि मधली उमेदवारी, सगळं जर्मन भाषेत, आणि तेही इतकं कठीण की तिथली मुलंसुद्धा घाबरतात. इंग्रजीतली एलएलएम मिळते, काहींना फी आहे. ती शिकून सनद मिळत नाही. आंतरराष्ट्रीय कायदा हवा असेल तर मी नेदरलँड्सचं लायडन सांगेन, १५७५ चं विद्यापीठ, आणि हेग शेजारीच, आंतरराष्ट्रीय न्यायालय, फौजदारी न्यायालय सगळं तिथं.

मॅडम, पोरगीला पाठवायचंय, शेत तारण ठेवू का?

हे विचारणारे वडील आले होते, भुदरगड तालुक्यातले. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सातबारा, आठ-अ, कारखान्याच्या बिलांचे कागद, मुलीच्या मार्कलिस्ट, सगळं तारखेप्रमाणं लावून आणलेलं. दीड एकर ऊस. मुलगी शेजारी बसलेली, ती एकदाही वर बघत नव्हती. अर्ज लंडनच्या एका कॉलेजचा एलएलबीसाठी, वर्षाची फी २५ हजार पाउंडाच्या आसपास, म्हणजे आजच्या भावानं २८-३० लाख, गुणिले तीन, वर राहणं-खाणं.

मी त्यांना नाही म्हणाले. मुलगी हुशार होती म्हणूनच नाही म्हणाले. दीड एकरावर हा आकडा फिटत नाही, आणि तिला वकिली इथंच करायची होती. ती आज इथंच पाच वर्षांच्या कोर्सला आहे, मूट कोर्टला (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या कोर्टाला) जाते, अधूनमधून ऑफिसात येऊन ड्राफ्टिंग करते.

सगळ्यांना असंच सांगते असं नाही. एलएलएमसाठी, सनद हातात असताना, कमवायची अक्कल आलेली असताना कर्ज काढणं वेगळं. पण एक नियम मी पाळायला सांगते, घर किंवा एकमेव जमीन तारण ठेवून एलएलबीला जायचं नाही. कर्ज काढणारच असाल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवर बघा, दोन-तीन बँकांत विचारा, व्याज शिकत असतानाच चढायला लागतं का ते विचारा. एप्रिल २०२५ पासून शैक्षणिक कर्जातून परदेशात पाठवलेल्या फीवर टीसीएस हा कर कापत नाहीत. यूकेच्या व्हिसाला उरलेली फी आणि राहण्याखाण्याचे पैसे खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागतात, आणि आरोग्याचा सरचार्ज वर्षाला ७७६ पाउंड आधीच भरायचा असतो. पाहुण्यांकडून उसने घेऊन खात्यात चार दिवस फिरवून चालत नाही, अर्ज फेटाळला जातो.

स्कॉलरशिप खरंच मिळतात का?

मिळतात, आणि आपल्या भागातली मुलं अर्जच करत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे अनुसूचित जातीच्या मुलांसाठी. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या सरकारी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे. ओबीसी, व्हीजेएनटी, आदिवासी यांच्यासाठीही परदेशाच्या योजना आहेत. यात विद्यापीठाच्या जागतिक रँकिंगची, उत्पन्नाची आणि वयाची अट असते आणि दरवर्षीच्या जाहिरातीत ती नीट वाचायची, मागच्या वर्षीच्या माहितीवर अर्ज भरायचा नाही.

एलएलएमसाठी ब्रिटिश सरकारची चेवनिंग सगळ्यात मोठी, फी, राहणं, विमान सगळं. त्याला कामाचा २८०० तासांचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण २ वर्षं, आणि शिकून झाल्यावर २ वर्षांसाठी मायदेशी परत यावं लागतं. ज्याला परत यायचंच आहे त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं काय? कॉमनवेल्थ आहे, ऑक्सफर्डची ऱ्होड्स आहे, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू आहे, आणि जे. एन. टाटा एंडोमेंट आहे जे १८९२ पासून परदेशी शिकणाऱ्यांना कर्जरूपानं शिष्यवृत्ती देतं.

मी मराठी मीडियमची आहे, जमेल का?

मी पण मराठी मीडियमचीच. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लॉ साठी साधारण ७ ते ७.५ मागतात, सहा महिने रोज तास-दीड तास बसलीस तर येतात. खरी अडचण इंग्रजीची नसते. माझ्या पहिल्या सेमिनारला सरांनी एक निकाल वाचायला दिला होता, मी सगळा पाठ केला, तथ्यं, मुद्दे, न्यायाधीशांनी काय म्हटलं, एका दमात सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, छान, पण हा निकाल बरोबर आहे असं तुला वाटतं का? मला उत्तरच आलं नाही. मला काय वाटतं हे आयुष्यात कुणी विचारलंच नव्हतं, परीक्षेत तर नाहीच नाही. त्या रात्री खोलीवर येऊन तोच निकाल पुन्हा वाचला आणि पहिल्यांदा समासात लिहिलं, "हे पटत नाही, कारण". ती सवय मी घेऊन आले आणि आज ड्राफ्ट करताना तीच कामाला येते. तू आत्तापासून लाव ही सवय. मराठीत लिही, चालेल.

मुलीला एकटीला इतक्या लांब पाठवायचं म्हणजे...

काका, नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८९ ला ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ ला तिथली बीसीएल ही कायद्याची परीक्षा देणारी पहिली बाई झाली. तेव्हा बायकांना वकिलीची सनदच देत नव्हते, भारतात त्यासाठी कायदा १९२३ ला झाला. काळजी वाटणं बरोबर आहे, पहिलं वर्ष कॉलेजच्या होस्टेलवर ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

मला जज व्हायचंय, परदेशी डिग्रीचा फायदा होईल?

खालच्या कोर्टाच्या परीक्षेसाठी, नाही. सुप्रीम कोर्टानं २० मे २०२५ ला सांगितलंय की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी किमान ३ वर्षांची प्रॅक्टिस पाहिजे. एलएलएमचं वर्ष म्हणजे प्रॅक्टिस नव्हे. इथं एलएलबी, इथं सनद, तालुका कोर्टात तीन वर्षं, मराठी चांगलं, हा रस्ता.

प्राध्यापक व्हायचंय?

मग परदेशी एक वर्षाची एलएलएम इथं कितपत धरतील हे जायच्या आधी लेखी विचारून घे, आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी एलएलएम दोन वर्षांची असते तेव्हा यावर वाद होतात. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा काही चुकत नाहीत.

रँकिंग बघून कॉलेज निवडू का?

शिष्यवृत्तीच्या अटीपुरतं बघ. बाकी तुझ्या विषयाचे शिकवणारे कोण आहेत, त्यांनी काय लिहिलंय ते बघ.

एजंट करू का?

शक्यतो नको. त्यांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्यामुळं ज्या विद्यापीठाशी करार नाही त्याचं नाव ते काढत नाहीत. माझ्या वेळी मी एका कन्सल्टन्सीत गेले होते, त्यांनी माझा विषय न विचारता पाच कॉलेजांची यादी पुढं केली आणि माझं स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे का शिकायचंय ते सांगणारं निवेदन, त्यांच्याकडच्या तयार साच्यातलं निघालं, दुसऱ्या एका मुलीच्या अर्जात शब्दन् शब्द तेच. आम्ही दोघी हे एका चहाच्या टपरीवर कागद शेजारी ठेवून वाचत होतो. मी ते फाडलं आणि स्वतः लिहिलं, तीन आठवडे लागले. अर्ज स्वतः भरता येतात, फार अवघड काही नाही.

परत आल्यावर कोल्हापुरात कुणी विचारतं का परदेशी एलएलएमला?

पहिली दोन वर्षं नाही, खरं सांगते. पक्षकार विचारतो तारीख कधी, फी किती, निकाल कधी. मग हळूहळू काम येतं, एखादा फाउंड्रीवाला करार वाचायला आणतो, एखादा मसाल्याचा व्यवसाय असलेली ताई ट्रेडमार्कला येते, सिनियर वकील एखादा मुद्दा शोधायला सांगतात. आज माझं निम्मं काम अशा प्रकारचं आहे. निम्मं अजूनही दिवाणी दावे, आणि ते मला आवडतातही.

आत्ता अकरावीत आहे, आजपासून काय करू?

एक, सुट्टीत एखादा दिवस कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बस, बोर्ड पुकारताना ऐक. कंटाळा आला तरी बस, दुसऱ्या दिवशी परत जा. दोन, आठवड्याला एक निकाल वाच, सुप्रीम कोर्टाच्या वेबसाइटवर फुकट आहेत.

आणि तिसरं आजच कर. दहावीच्या मार्कलिस्टवर नाव आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, कुठं वडिलांचं नाव आहे कुठं नाही, कुठं पाटीलमध्ये दोन ए कुठं एक, हे तपास. पासपोर्टवर जे नाव येईल तेच पुढं सगळीकडं चालणार, व्हिसाला, बार काउन्सिलला, शिष्यवृत्तीला. माझं स्पेलिंग दुरुस्त करून गॅझेटमध्ये नाव यायला अडीच महिने गेले आणि तोवर एका शिष्यवृत्तीची तारीख निघून गेली होती. पासपोर्टचा अर्ज दहावीच्या मार्कलिस्टवरचं स्पेलिंग समोर ठेवूनच भर.